वाचकांची पत्रं : काटकोनात वळवलेली नदी

मागच्या अंकात मी टोरांटोहून चारच ओळी लिहिल्या होत्या : लेकीच्या घरापासून जवळ असलेलं डॉन नदीचं नवं मुख पाहून आले, पाय दुखले, पण डोळे निवले. त्या चार ओळींवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. म्हणून या वेळी विहिरी, बोअर आणि गच्चीवरच्या टाक्यांचे प्रश्न बाजूला ठेवते. बोअरवाल्यांनी रागावू नये, पुढच्या महिन्यात त्यांचाच पहिला नंबर.

काकू, गेल्या उन्हाळ्यात मीही मुलाकडे टोरांटोला होतो. नातू झिपलाइनवर लोंबकळत होता आणि मी बाकावर बसलो होतो. मुलगा म्हणाला, बाबा, ही नदी खोदलेली आहे, काही वर्षांपूर्वी इथे सगळी कोरडी जमीन होती. मला पटलं नाही. कालवा खोदतात, नदी खोदतात का? त्यावर म्हणे सव्वाशे कोटी डॉलर घातले. चांगली वाहती नदी असताना दुसरी कशाला? – एक आजोबा, ठाणे

आजोबा, मुलगा खरं सांगतोय. तुम्ही बसलात ते बीडासिगे पार्क. ते जुलै २०२५मध्ये उघडलं आणि त्याच्या मधून जाणारं पाणी २०२४मध्ये तिथे आलं. त्याआधी ती बंदराची जमीन होती.

मी पहिल्यांदा तिथे गेले २००९ साली. माझी सगळी नोकरी खडकवासल्याला, वाळू-सिमेंटच्या ताटात नद्यांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडण्यात गेली. परगावी गेलं की लोक देवळं बघतात, मी नदीचं मुख बघते. जावयांना म्हटलं, तुमची डॉन ऑन्टारिओ सरोवराला मिळते ती जागा दाखवा. ते पेचात पडले. दहा वर्षं त्या शहरात राहून त्यांनी ती पाहिली नव्हती. शेवटी एका उंच हमरस्त्याच्या खांबांखाली गाडी लावली आणि म्हणाले, नकाशा तर हीच जागा दाखवतोय. समोर दोन्ही काठांना भिंती ठोकलेला एक सरळसोट कालवा. त्यात बाटल्या, ओंडके, एक फुटबॉल आणि न हलणारं तपकिरी पाणी. उत्तरेकडून येणारी अख्खी नदी भिंतीवर आपटल्यासारखी उजवीकडे काटकोनात वळून त्या कालव्यात शिरत होती. त्याला कीटिंग चॅनल म्हणतात. कीटिंग हे तिथल्या शहर अभियंत्याचं नाव, १८९०च्या दशकातले.

घरच्या मोरीची पन्हाळ काटकोनात वळवून बघा. भांडी घासल्याचं पाणी गुमान वळून जातं. पूर्ण भरलेली बादली एकदम उपडी करा. पाणी वळत नाही, कोपरा ओलांडून थेट स्वयंपाकघरात येतं. डॉनच्या त्या कोपऱ्यापलीकडे टोरांटोचं स्वयंपाकघरच आहे : बंदराची जमीन, पूर्वेकडच्या वस्त्या, कारखाने. शिवाय थंडीत बर्फाच्या लाद्या वाहत येतात, ओंडके येतात, आणि नेमके त्याच कोपऱ्यात अडकतात.

ही वळवावळव का केली? तिथे आधी दलदल होती. ॲशब्रिजेस बे नावाची, सरोवराच्या काठची फार मोठी पाणथळ. बोरू, पाणकणीस, बदकं, मासे. नदी त्या दलदलीत पसरायची, गाळ टाकायची आणि गाळून निघालेलं पाणी सरोवरात सोडायची. इंग्रज आले, १७९३मध्ये गाव वसवलं आणि नदीला इंग्लंडमधल्या एका नदीचं नाव लावलं, डॉन. (नावावरून आमच्या घरी भरपूर विनोद झाले आहेत. गुंडगिरी मात्र नदीने केली नाही, तिच्यावरच झाली.) मग शहराची घाण, कत्तलखान्यांची घाण, एका मद्य कारखान्याच्या गोठ्यांचं शेण, सगळं त्या दलदलीत जाऊ लागलं. कॉलऱ्याची भीती पसरली. घाण थांबवण्यापेक्षा दलदल बुजवणं सोपं वाटलं. १८८०च्या दशकात नदीचा खालचा भाग सरळ केला, १९१२च्या बंदर आराखड्यानंतर दलदल भरून जमीन काढली. त्या भरावावर कोळशाचे ढीग आणि तेलाच्या टाक्या आल्या.

पन्नास वर्षांत नदी इतकी मेली की नोव्हेंबर १९६९मध्ये विद्यार्थ्यांनी आणि पर्यावरणवाल्यांनी तिची चक्क प्रेतयात्रा काढली.

आता पुराचं. १५ ऑक्टोबर १९५४च्या रात्री हेझेल नावाचं चक्रीवादळ टोरांटोवर आलं. ८१ माणसं गेली. त्यांतली ३५ एकाच रस्त्यावरची, हंबर नदीकाठच्या रेमोर ड्राइव्हवरची. लोक झोपेत होते आणि घरं नदीने उचलून नेली. त्यानंतर त्या शहराने जो नियम केला तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. हेझेलएवढा पाऊस पुन्हा पडला तर पाणी कुठवर येईल याची रेघ मारली आणि रेघेच्या आत नवी घरं बंद केली. होती त्यांतली पुष्कळ घरं विकत घेऊन पाडली आणि तिथे बागा केल्या. आपल्याकडेही निळी पूररेषा आहे, लाल पूररेषा आहे. त्या नकाशात असतात.

त्या नियमामुळेच बंदराची जमीन अडकून पडली. शहराच्या मध्यापासून चालत जाता येईल अशी सुमारे २४० हेक्टर जमीन, आणि हेझेलसारख्या पुरात पाण्याखाली जाणार म्हणून तिथे घर बांधायची परवानगी नाही. तेव्हा सव्वाशे कोटी डॉलर नदीवरच्या प्रेमापोटी आले असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. प्रेम होतंच. १९८९पासून डॉनसाठी धडपडणारे नागरिक मी स्वतः पाहिलेत, शनिवारी हातमोजे घालून रोपं लावणारे. पण तिजोरी उघडली ती जमिनीच्या भावाने. तरीही मला त्या शहराचं कौतुक आहे, कारण त्यांनी आधी नदी केली आणि मग प्लॉट आखले. उलट क्रम सोपा होता. भिंत बांधायची, इमारती उठवायच्या आणि नदीला म्हणायचं, बघ बाई तुझं तू.

नदी कशी खोदली ते ऐका, मला त्यातच जास्त रस आहे. २००७मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली. अमेरिकेतल्या मायकेल व्हॅन व्हाल्कनबर्ग यांच्या कार्यालयाचा आराखडा निवडला. त्यात पुराची वाट, दलदल, बाग आणि नवी वस्ती एकाच चित्रात होती. २०११मध्ये महापौरांच्या बाजूने भलतीच टूम निघाली, तिथे मॉल आणि मोठा आकाशपाळणा करायचा. लोक खवळले आणि पाळणा बारगळला. मग २०१७मध्ये केंद्र, प्रांत आणि शहर या तिन्ही सरकारांनी मिळून सव्वाशे कोटी डॉलर जाहीर केले. स्पर्धेपासून पैशापर्यंत दहा वर्षं. म्हणजे वेळ लागतो तो आपल्याकडेच असं नाही.

खोदाई कोरडी केली. नव्या पात्राच्या दोन्ही टोकांना मातीचे बुच ठेवले आणि मधला भाग उपसला. एकूण १४ लाख घनमीटर माती निघाली. १० घनमीटरचा डंपर धरला तर १ लाख ४० हजार फेऱ्या. पात्राचा तळ सरोवराच्या पातळीखाली, त्यामुळे बाजूने झिरपणारं पाणी अडवायला जमिनीत खोल भिंती घालाव्या लागल्या आणि उपसलेलं पाणी शुद्ध करावं लागलं. कारण ती माती म्हणजे शंभर वर्षांचं तेल आणि कोळसा. हीच या कामातली खरी मेख. नुसता चर खणून पाणी सोडलं असतं तर नदीने ते सगळं विष सरोवरात नेलं असतं, आणि टोरांटो पिण्याचं पाणी त्याच सरोवरातून घेतं. म्हणून पात्राखाली पाणी न झिरपणारं अस्तर घातलं. आपण शेततळ्याला घालतो त्याचं थोरलं भावंड समजा. त्यावर वाळू, त्यावर दगडगोटे, आणि काठ धरून ठेवायला मुळांसकट आडवी केलेली झाडं. कोवळ्या काठांची माती काय वापरून बांधली माहीत आहे? काथ्या! नारळाचा काथ्या. मी रत्नागिरीची. सुंभाच्या वासात वाढले. बर्फाच्या गावात नदीच्या काठाला काथ्याचं कापड गुंडाळलेलं पाहिलं आणि कठड्याला धरून उभीच राहिले. झाडांची मुळं रुजेपर्यंत काथ्या काठ धरतो आणि मग हळूहळू कुजून जातो. प्लास्टिकची जाळी मागे उरते, काथ्या उरत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न, दुसरी नदी कशाला. जुनी वाट बंद केलेलीच नाही. आता डॉनला सरोवराकडे जायला तीन वाटा आहेत. जुना कीटिंग चॅनल आहे. नवी वळणावळणाची नदी आहे, सुमारे एक किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना उतरती दलदल असलेली. आणि दक्षिणेला एक हिरवा पट्टा आहे. तो एरवी बाग असतो आणि मोठ्या पुरात बोटींच्या कालव्याकडे पाणी घेऊन जातो. कुठल्या वाटेला किती पाणी जाईल ते बुटके बंधारे ठरवतात. एका दाराच्या खोलीला तीन दारं केली, एवढंच. तुम्ही बसलात तो बाकसुद्धा पुराच्या वाटेवर असू शकतो. हेझेल पुन्हा आलं तर तो पाण्याखाली जाईल, आणि तो तिथे ठेवताना हे त्यांना ठाऊक होतं.

ताई, आमचं घर मिठीपासून दोन गल्ल्यांवर. २६ जुलैची रात्र आम्ही सहा जणांनी माळ्यावर काढली. आता दर मे महिन्यात पोकलेन येतो, गाळ उपसतो, काठाला भिंत झाली. तरी गल्लीत पाणी भरतंच. टोरांटोसारखं मिठीचं मुख का करत नाहीत? – कुर्ला

बाई, तुमच्या पत्रातलं 'भिंत झाली तरी' हे पहिलं घेते, कारण तुमच्या रोजच्या त्रासाचं उत्तर बहुधा तिथे आहे.

गल्लीतलं गटार पुढे नाल्यात आणि नाला मिठीत उघडतो. मिठीची पातळी गटाराच्या तोंडापेक्षा खाली असते तोवर पाणी बाहेर पडतं. पाऊस आणि भरती एका वेळी आली की मिठी चढते, गटाराचं तोंड बुडतं, आणि पाणी आत अडकतं किंवा उलटं येतं. भिंत नदीला आत येऊ देत नाही हे खरं, पण गल्लीतल्या पाण्यालाही बाहेर जाऊ देत नाही. नदी भिंतीवरून न येता तुमच्या मोरीतून येते. म्हणून वॉर्ड ऑफिसात जाल तेव्हा नुसतं 'गाळ काढा' म्हणू नका. आमच्या गल्लीचं पाणी कुठल्या तोंडाने मिठीत जातं, त्या तोंडाला उलटं पाणी अडवणारी झडप आहे का, आणि भरतीच्या वेळी आतलं पाणी उपसायला पंप कुठे आहे, हे तीन प्रश्न लेखी विचारा. चार-पाच घरांनी मिळून विचारा.

आता टोरांटो. डॉन आणि मिठीत एक फरक असा आहे की बाकीचे सगळे त्यापुढे लहान. ऑन्टारिओ सरोवराला भरती-ओहोटी नाही म्हटलं तरी चालेल. त्याची पातळी चढते ती हळू, काही महिन्यांत. २०१७ आणि २०१९मध्ये ते असं फुगलं की टोरांटोच्या बेटांवर पाणी आलं, पण त्यालाही आठवडे लागले. मिठी जिला मिळते ती माहीमची खाडी दिवसातून दोनदा श्वास घेते. २६ जुलै २००५ला दुपारी साडेचार मीटरच्या आसपासची भरती होती आणि सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. टोरांटोने ज्या वादळावर आपला नियम बेतला त्या हेझेलमध्ये दोन दिवसांत सुमारे २८५ मिलिमीटर पडला होता. असा पाऊस गिळेल असं मुख मला तरी काढता येणार नाही. माझ्या प्रतिकृतींच्या ताटातसुद्धा नाही.

दुसरा फरक माणसांचा. बंदराच्या जमिनीवर टाक्या आणि गोदामं होती, वस्ती जवळजवळ नव्हती. मिठीकाठी हजारो कुटुंबं आहेत, आणि नदीला जागा द्यायची म्हणजे त्यांनी कुठे जायचं हे आधी ठरायला हवं. परदेशातली चित्रं दाखवून आपल्याकडे काठ 'सुंदर' करायला निघतात तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारते. टोरांटोतल्या त्या जमिनीवरूनही माणसं हलवलेली होतीच म्हणा, फक्त दोनशे वर्षांपूर्वी. मिसिसागा लोकांची ती भूमी. आज बागेला आणि जुना कालवा व नवी नदी यांच्यामध्ये झालेल्या नव्या बेटाला त्यांच्या भाषेतली नावं दिली आहेत. बेटाचं नाव ओक्वेमिन मिनिसिंग, म्हणजे काळ्या चेरीच्या झाडांची जागा. आमच्या नातीला ते एका दमात म्हणता येतं. मला अजून जमत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. डॉनसारखंच मिठीलाही काटकोन शिकवले. विमानतळापाशी धावपट्टीसाठी तिची वळणं बघा. वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं ते खाजणावर, म्हणजे ॲशब्रिजेस बेसारख्याच जागेवर. टोरांटोला शंभर वर्षांपूर्वी बुजवलेली दलदल पुन्हा करायला अख्खं अस्तर घालावं लागलं, रोपं आणावी लागली, बदकांनी कोंब खाऊ नयेत म्हणून जाळ्या लावाव्या लागल्या. माहीमच्या खाडीत तिवरं आजही उभी आहेत. फुकट. काथ्याशिवाय. मिठीचं मुख करा असं कुणाला सांगायचं झालं तर मी आधी म्हणेन की उरलेलं मुख मोडू नका. तिवरांच्या रांगेत पडलेला एकेक डंपर राडारोडा पुढे किती महाग पडतो, ते वरच्या आजोबांना दिलेल्या उत्तरात आहे.

मॅडम, २०२१च्या पुरानंतर आमच्याकडे वाशिष्ठीतला गाळ काढणं चालू आहे. गाळ पूर्ण निघाला की चिपळूण सुटलं, बरोबर ना? – चिपळूण

अर्धं बरोबर. गाळ काढल्याने लहान आणि मध्यम पुराला फरक पडतो, म्हणून काढावाच. पण 'पूर्ण निघाला' अशी वेळ नदीत येत नाही. कीटिंग चॅनल बघा. उतारावरून धावत आलेलं पाणी सपाटीला आलं की मंदावतं, आणि मंदावलेलं पाणी गाळ टाकतं. त्याला कोण काय करणार? टोरांटोवाले वर्षानुवर्षं दर हंगामाला तो उपसत आले. उपसलेला गाळ लेस्ली स्ट्रीटच्या टोकाला, बांधकामाच्या राडारोड्याने सरोवरात केलेल्या पाच किलोमीटर लांब जिभेवर, बंदिस्त तळ्यांत टाकला. तळी भरली की वर स्वच्छ माती घालून त्यांची दलदल करायची. हे मला आवडलं, टाकाऊ तळ्यावर आता बगळे असतात.

नव्या आराखड्यातही गाळ थांबलेला नाही. फक्त तो कुठे पडावा हे त्यांनी ठरवलं. मुखाच्या वर नदी रुंद करून गाळ आणि ओंडके धरायची एक जागा केली आहे. यंत्रं तिथेच जातात, तिथूनच काढतात, खालच्या दलदलीला हात लावत नाहीत. गाळ काढणाऱ्यांना विचारण्यासारखं हेच आहे. काढलेला गाळ कुठे टाकताय? काठावरच ढीग लावला असेल तर पहिल्या मोठ्या पावसात तो परत पात्रात जाईल आणि बिल दोनदा होईल. आणि वाशिष्ठीला कोयनेचं वीज करून सोडलेलं पाणी मिळतं, खाली दाभोळच्या खाडीची भरती असते. हे दोन्ही डॉनला नाही. तेव्हा तिथलं उत्तर जसंच्या तसं उचलू नका.

काकू, मी टोरांटोत शिकायला आहे. डाउनटाउनच्या पूर्वेला एक बेसमेंट स्वस्तात मिळतंय. जुलै २०२४मध्ये डॉन व्हॅली पार्कवे बुडालेला मी बसमधून पाहिला. आता नदीचं काम झालंय तर बेसमेंट घ्यायला हरकत नाही ना? – एक विद्यार्थी

बाळा, स्वस्त का आहे ते आधी विचार.

तू पाहिलास तो पार्कवे नदीच्या खोऱ्यात, तिच्या मांडीवर बांधलेला रस्ता आहे. मुखाशी कितीही दारं उघडली तरी वर कित्येक किलोमीटरवरचा तो रस्ता कोरडा होत नाही. १६ जुलै २०२४ला तिथल्या विमानतळावर ९७.८ मिलिमीटर पाऊस झाला, तेवढ्यात तो बुडाला. ८ जुलै २०१३ला १२६ मिलिमीटर झाला, तेव्हा खोऱ्यातल्या रुळांवर एक लोकलगाडी सुमारे १४०० प्रवाशांसकट पाण्यात अडकली होती. त्यांना बोटींतून काढलं. मुंबईकरांना ते वाचून अगदी घरच्यासारखं वाटलं असेल.

मुखाच्या कामाने बंदराची जमीन आणि तिच्या लगतचा भाग हेझेलसारख्या पुरापासून सुटला. नदीच्या पश्चिमेला कॉर्कटाउन कॉमन नावाची बाग आहे, तिथे नक्की जा. तिथली टेकडी मुळातली टेकडी नाहीच. तो मातीचा बांध आहे, वर हिरवळ आणि पोरांची घसरगुंडी, आणि त्याच्यामागे डाउनटाउनचा पूर्वभाग सुरक्षित. आम्ही रविवारी तिथे डबा घेऊन जातो. पोळीभाजी खाताना बांधावर बसलोय हे फक्त मला आठवतं.

पण बेसमेंटमध्ये पाणी शिरतं ते बहुतेक वेळा नदीचं नसतं, गटाराचं असतं. टोरांटोच्या जुन्या भागात पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच नळातून जातं. जोराचा पाऊस झाला की नळ तुंबतो आणि ते मिश्रण सगळ्यात खालच्या घराच्या जमिनीतल्या जाळीतून वर येतं. तुझी गादी त्याच जमिनीवर असेल. घरमालकाला विचार : मैल्याच्या नळाला उलटं पाणी अडवणारी झडप बसवली आहे का? उपसा पंप आहे का, आणि वीज गेली तर तो चालतो का? याआधी पाणी कधी आलं होतं? झडप-पंपासाठी शहर घरमालकांना अनुदान देतं, तेव्हा 'परवडत नाही' हे उत्तर चालवून घेऊ नकोस. भिंतीच्या खालच्या वीतभर पट्टीला नवा रंग दिसला तर वाकून वास घे. खिडकीतून माणूस बाहेर पडेल एवढी जागा आहे ना, तेही बघ. आणि विमा घेताना 'गटाराचं उलटं पाणी' त्यात आहे का हे वेगळं वाच, बहुतेक वेळा ते वेगळं घ्यावं लागतं. एवढं करून घेतलंस तर घे. पासपोर्ट आणि लॅपटॉप वरच्या फळीवर.

आजी, बाबांनी मला तुमच्या ओळी वाचून दाखवल्या. जुन्या दलदलीतली झाडं मेली का? आणि नव्या नदीत पोहता येतं का? – इयत्ता पाचवी, नाशिक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुला आवडेल. झाडं शंभर वर्षांपूर्वीच गाडली गेली होती. पण २०२१मध्ये कामगार खोल खणत होते तेव्हा उपसलेल्या जुन्या मातीच्या ढिगावर कुणीही न लावलेले हिरवे कोंब दिसायला लागले. ती दलदलीतली झाडं होती, लव्हाळ्याच्या आणि पाणकणसाच्या जातीची. त्यांची बियाणी इतकी वर्षं भरावाखाली अंधारात झोपून होती. ऊन-पाणी लागल्याबरोबर जागी झाली. ती रोपं आणि माती टोरांटो विद्यापीठात अभ्यासाला नेली. कामगारांचं लक्ष गेलं नसतं तर तण म्हणून तीही डंपरमध्ये गेली असती.

पोहायचं म्हणशील तर मी तरी नको म्हणेन. वर बेसमेंटवाल्या दादाला सांगितलं ना, पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच नळातून जातं. जोराच्या पावसात तो नळ तुंबला की मैल्याचं पाणी नदीतही येतं. त्यासाठी शहर जमिनीखालून २२ किलोमीटरचे बोगदे करतंय, तो खर्च वेगळा आणि ते काम अजून चालू आहे. होडी मात्र चालते. आमची नात वल्हवते आणि मी काठावर तिच्या चपला सांभाळते. तू आलास की दुसरं वल्हं तुझं, पण जोराच्या पावसानंतर दोन दिवस थांबून.